साहेबकाकांचा लॉजवरचा मुक्काम

६ फेब्रुवारी

चि. छोटीस,

आशीर्वाद नेहमीचेच, बातमी मात्र नेहमीची नाही. बसून वाच.

काल दुपारच्या बोटीतून साहेबकाका उतरले. दोन ट्रंका, एक छत्री, आणि धक्क्यापासून लॉजपर्यंत सामान कोण उचलणार हा प्रश्न. कचेरीत हेडक्लार्क आणि घरात साहेब असलेला हा माणूस आता एक्याऐंशीचा झालाय, पण मान अजून तशीच, समोरचाच चुकला असेल असं धरून चालणारी. मी रजिस्टर पुढे केलं तर हसले. म्हणाले, सह्या परक्यांनी करायच्या, मी घरचा माणूस. मुलांनी घराचं रंगकाम काढलंय, तेव्हा महिनाभर राहीन म्हणतो.

माझं लॉज तुला ठाऊक आहे. सात खोल्या, पत्र्याचं छप्पर, दोन न्हाणीघरं, नळाला खारट पाणी. बेट बघायला येणारी, खिशाला जपणारी तरुण मंडळी उतरतात. स्वस्त आणि स्वच्छ, एवढंच मी कबूल करते. काकांना सात नंबर दिली. भिंतीपलीकडे पाण्याचा पंप आहे, तो दर तासाला खोकतो.

चाळीस वर्षं एक प्रश्न माझ्या घशात अडकलाय. बाबा गेल्यावर आपले पालक हेच. नर्सिंगच्या शाळेत निवडलेल्या मुलींची यादी बघायला शहरात गेले तेही हेच. परत आल्यावर चपला काढता काढता सांगितलं, छोटीचं नाव नाही. आपण दोघींनी माना खाली घातल्या. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, चांगली शिकलेली, आणि बसमध्ये बसून ती यादी स्वतः पाहून यावी एवढं मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तू आजारी काकूच्या खाटेशी. ती अकरा वर्षं.

आता ते आपल्या पायांनी माझ्या दारात आलेत. काय करू ते कळव. कळवलं नाहीस तरी मी करणारच आहे.

लोभ तुझ्याकडून पाठव, रागाचा साठा इथे भरपूर आहे.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ति. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डात वाचलं आणि हातातलं भांडं खाली ठेवून स्टुलावर बसले. माझी प्रकृती बरी आहे. तुझी काळजी वाटते, कारण संतापलीस की तू जेवायचं विसरतेस आणि मग स्वयंपाकीणबाईंवर ओरडतेस.

म्हाताऱ्याला छळू नकोस. पंपाशेजारी झोपवलंस तेवढं पुरे. मला त्यांची माफी नको. एकच विचार: नाव होतं की नव्हतं?

इथे नवी मेट्रन आली आहे. मला मुलगी असती तर तिच्या वयाची. परवा म्हणाली, मावशी, तुमचा हात इतका हलका, मग ट्रेनिंग का नाही केलंत? मी नेहमीचं उत्तर दिलं, की निवड झाली नाही. आयाच्या निळ्या साडीत एकोणतीस वर्षं हेच उत्तर देते आहे. जूनमध्ये निवृत्त होईन. मी कमी पडले होते की नाही, एवढं त्याआधी कळलं तर बरं.

कृपादृष्टी आहेच, जिभेवर ताबाही असावा.

तुझी छोटी

१७ फेब्रुवारी

चि. छोटीस आशीर्वाद.

छळत नाही. ते म्हणाले तसं घरच्या माणसासारखं वागवते. पाहुण्यांना चहा खोलीत मिळतो, घरची माणसं पाचला उठतात. पहिल्या दिवशी चहाची वाट बघत बसले, तेव्हा धोबीणबाईंनी ऐकवलं की घरच्यांचा चहा चादरींच्या घड्या झाल्यावर. आता चादरीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं काकांच्या. काकांच्या घडीचे कोपरे भाऊबंदांसारखे, एकाचं तोंड दुसऱ्याला बघवत नाही. पुन्हा घालायला लावते. मग तांदूळ निवडणं, उशांना अभ्रे घालणं. स्वयंपाकीणबाई म्हणतात, साहेबांना कामाची सवय नाही, पण तक्रारीचा सराव दांडगा आहे.

शनिवारी पुढच्या बोटीने जातो म्हणून ट्रंका भरल्या. त्याच बोटीने त्यांच्या मुलांचं पत्र आलं. रंगबिंग काही नाही. वडिलांना तिथेच राहू द्या, हवा मानवेल, असं लिहिलंय. ट्रंका पुन्हा उघडल्या गेल्या. मला आनंद झाला, आणि तसं लिहायला लाजही वाटत नाही.

तुझा प्रश्न रोज घडी घालताना विचारते. पहिल्या दिवशी म्हणाले, इतक्या वर्षांनी कुणाला आठवतंय. दुसऱ्या दिवशी, तेव्हा चष्मा बरोबर नव्हता. तिसऱ्या दिवशी, जुनी मढी उकरून काय मिळणार. ज्याला आठवत नाही तो इतकी कारणं देत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस, बाकीचं मी बघते.

ताई

१९ फेब्रुवारी

चि. छोटी हिस अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझ्या बहिणीने या वयात माझा घरगडी केला आहे, हे तुला कळावे म्हणून हा पत्रप्रपंच. धोबीण मला घडी शिकवते. वर रोज तीच एक गोष्ट उगाळणे चालू. अगं, नाव होते. तिसरे होते. म्हणून काय आभाळ कोसळले? तुझी काकू अंथरुणाला खिळलेली, मला कचेरी, मुले लहान. घर कोणी सांभाळायचे? मी घराचा विचार केला, कोणाचे वाईट चिंतले नाही. शिवाय काकू तुझ्याशिवाय कोणाच्या हातचे पाणी घेत नसे, हा मान थोडा का?

तू जूनमध्ये मोकळी होतेस असे समजते. तेव्हा इकडेच ये. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, बघायला आपले माणूस लागेल, आणि तुझ्याइतके हे कोणाला जमणार? ताईला तसे लिही.

वडीलधाऱ्यांचा शब्द राखावा, हे तुला सांगणे न लगे.

तुझे काका

२५ फेब्रुवारी

ति. ताईस,

सा. न. वि. वि.

सोबत काकांचं पत्र आहे. नाव होतं. तिसरं.

चार वेळा वाचलं. मग मेट्रनकडे गेले आणि म्हटलं, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं, माझी निवड झाली होती. ती खुर्चीतून उठली आणि तिथे मला बसवलं.

आता माझं ऐक. त्यांची कामं आजपासून बंद कर. दया म्हणून नाही. ते घड्या घालतात, तुम्ही तिघी त्यांच्यावर ओरडता, ते कुरकुरतात, यालाच घर म्हणतात, ताई. चार चादरी घडी केल्या की फिटलं असंही त्यांना वाटेल. मला ती फेड नको. रजिस्टरात सही घे. दर इतरांचाच, मुलांना कळव. समुद्राकडची चांगली खोली दे. चहा वेळेवर, दार वाजवून. पण त्यांना काका कोणी म्हणायचं नाही. मी येणार नाही आणि त्यांना एक ओळही लिहिणार नाही. त्यांना खोली मिळेल, घर मिळणार नाही.

तुझा लोभ मला पुरतो.

छोटी

८ मार्च

चि. छोटीस आशीर्वाद.

तुझ्या शब्दाप्रमाणे सगळं केलं. दोन दिवस काका खुशीत होते. तुझं पत्र आलं आणि मी घाबरले, असा त्यांचा समज. तिसऱ्या दिवशी पाचलाच उठून आले आणि आपण होऊन चादरीचं टोक धरलं. धोबीणबाईंनी ते हळूच सोडवून घेतलं आणि म्हणाल्या, पाहुण्यांनी कशाला त्रास घ्यायचा? मला त्यांनी लहानपणीच्या नावाने हाक मारली. मी म्हटलं, बोला साहेब. पूर्वी स्वयंपाकघरात बसून बाईंशी भांडत जेवायचे, आता ताट व्हरांड्यातल्या टेबलावर जातं आणि निम्मं तसंच परत येतं.

कडक म्हणून मी प्रसिद्ध, पण हे मला सुचलं नसतं. एखाद्या सकाळी जड जातं. तरी तुझा शब्द मोडणार नाही.

परवा विचारलं, छोटीचं काही आलं का? मी सांगितलं, पाहुण्यांचं टपाल आलं की खोलीत पोचवलं जातं. आज बोटीचा भोंगा वाजला तसे ते जेवण टाकून उठले आणि खोलीचं दार उघडं ठेवून पलंगावर बसले. तुझं चार तारखेचं कार्ड आलंय, माझ्या नावाचं. ते हातात घेऊन मी त्यांच्या दारावरून पुढे गेले.

जिथे लोभ आहे तिथेच तो राहू दे.

तुझी ताई