पुलाच्या फोटोत मधोमध

बाबा, मागच्या आठवड्यात मी शिकागोच्या त्या पुलावर जाऊन आले. एकटीच. तुम्ही नेणार होतात मला, आठवतंय? नसेलच. तुमच्या लेखी ते कार्टूनचं खूळ होतं.

२००५ चा उन्हाळा, मी पंधरा वर्षांची. नोव्हाय गावातल्या आपल्या घरात दिवसभर जपानी ॲनिमे बघत बसायचे. त्यातल्या एकात शिकागोच्या नदीवरचा पूल हुबेहूब काढला होता: तांबडा कठडा, टोकाला बुरुजासारखी दगडी खोली, आणि मधोमध कठड्यावर कोपर टेकून उभी असलेली एक मुलगी. ॲनिमेतल्या अशा खऱ्या जागा शोधायच्या, त्याच कोनातून फोटो काढायचा आणि ॲनिमेवेड्यांच्या एका साइटवर लावायचा, हा आमचा उद्योग. शाळेत मला काळं कुत्रं विचारत नव्हतं, त्या साइटवर विचारायचे. मी चित्राचा प्रिंट काढून तुम्हाला दिला. तुम्ही तो घडी करून पाकिटात ठेवलात आणि म्हणालात, "जाऊ. प्रॉमिस."

गेलो की! पण पुण्याहून आत्या आणि काका आले म्हणून. साडेचार तासांचा ड्राइव्ह, मांडीवर पुरी-भाजीचा डबा. मग देऊळ, मग तो उंच टॉवर, मग डेव्हन रस्त्यावरची देशी दुकानं. आईला कुकरच्या रिंगा हव्या होत्या, आणि पुण्यात मिळतात त्याच साड्या आत्यानं तिथे दोन तास बघितल्या. पाच वाजता तुम्ही गाडी सरळ हायवेला घातलीत. मी मागून ओरडले, "बाबा, द ब्रिज!" तुम्ही आरशातून डोळे वटारलेत. "अगं, पूल काय पळून चाललाय? पाहुण्यांसमोर तमाशा नको." घर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. अजून राग येतो, खरं सांगते.

ऑक्टोबरात तुमची शिकागोला मीटिंग निघाली. मला न विचारता गेलात आणि येताना कॅमेरा नाचवत आलात. "हे घे, तुझा पूल!" बघते तर काय, मधोमध तुम्ही! ऑफिसचा कोट, गळ्यात बॅज, कठड्यावर कोपर. माणूस नसलेला फोटो म्हणजे पोस्टकार्ड, हा तुमचा कायदाच होता. प्रत्येक धबधब्यापुढे, प्रत्येक पुतळ्यापुढे आपण सगळे ओळीनं उभे. मी किंचाळले, "व्हाय आर यू इन इट?" तुम्ही गोंधळलात. "अगं, त्यांच्या चित्रात पण माणूस आहेच की."

मला वाटलं, थट्टा करताय. मी दार आपटलं.

दोन-तीन दिवसांनी तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिलात. "बघू, लावलास का गं फोटो?" चष्मा वर-खाली करत वाकून बघितलंत. स्क्रीनवर अर्धाच पूल होता, बुरुजाची खोली होती, आणि डाव्या कडेला तुमच्या कोटाची बाही. मी वळूनही न बघता म्हटलं, "साइटच कापते. आपोआप." तुम्ही चष्मा काढलात. "हो का? छान आलाय पूल," म्हणालात आणि आईला चहा टाक म्हणून सांगायला गेलात.

पुढच्या दोन वर्षांत त्या पुलाचं नाव आपल्यापैकी कुणीच काढलं नाही. मग एका सकाळी ऑफिसातच तुमचं हृदय बंद पडलं. परत मिळालेल्या पाकिटात लायसन्स होतं, आणि घडीवर फाटलेला तो प्रिंट.

तोच प्रिंट घेऊन मी मागच्या आठवड्यात गेले. समोर धरून जागा जुळवली. ती मुलगी जिथे उभी आहे, तुमच्या फोटोत तुम्ही नेमके तिथेच उभे होतात, कोपरसुद्धा तसंच. म्हणजे कुणा अनोळखी माणसाला थांबवून, हा कागद दाखवून, त्याच्याकडून तुम्ही तो फोटो काढून घेतला असणार. साधा रस्ता विचारायलाही ज्यांना लाज वाटायची ते तुम्ही! सांगायचं ना मग तोंडानं! एवढं कसलं मेलं अवघडलेपण आपल्या घरात?

हे पत्र त्या प्रिंटच्या घडीत ठेवणार आहे, टाकणार तरी कुठे? मूळ फोटो नाही माझ्याकडे, तेव्हाच डिलीट केला. साइटवर बाहीपुरतेच उरलात.

साइट काही कापत नव्हती, बाबा. मी कापलं. आणि तुम्ही इंजिनिअर होतात, तुम्हाला ते तिथेच, खुर्चीमागे कळलं असणार.