फ्रिजइतका आवाज

आबा, आपल्या भेस्तानच्या गल्लीमागे ती बंद डाइंग मिल होती ना, तिथे आता डेटा सेंटर येणार आहे. डेटा सेंटर म्हणजे कॉम्प्युटरचं गोदाम. माणसं मूठभर, यंत्रं हजारो, आणि ती तापू नयेत म्हणून दिवसरात्र पंखे, जनरेटर आणि पाणी. गल्लीतले लोक कुरकुरायला लागले तेव्हा कंपनीने त्यांच्या शंका दूर करण्यासाठी एक बाई नेमली. समाज संवाद अधिकारी. हसू नका, ती मीच. काम एवढंच की साहेब हिंदीत जे फेकतो ते आपल्या लोकांना आपल्या बोलीत गोड करून वाढायचं.

मंगळवारी समाजाच्या हॉलमध्ये बैठक झाली. नगरसेवक फोटोपुरते आले, समोसा खाऊन गेले. साहेब तिशीतला, बूट असे चकचकीत की आपल्या गल्लीत ते उतरलेच नसणार. त्याने पडद्यावर झाडं दाखवली, कारंजं दाखवलं, सायकल चालवणारी गोरी मुलं दाखवली. भेस्तानात! मग म्हणाला, आवाजाची भीती वाटते ना, ऐका तर खरं, आणि त्याने स्पीकरवर पंख्यांचा आवाज लावला. "घर के फ्रिज जितना. किसी को तकलीफ़ है?" पुढच्या चार रांगांत तुमच्यासोबतचे लूमवाले बसलेले. तीस-तीस वर्षं लूमच्या खात्यात मागांचे साचे चालवून कान गेलेले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना हलवल्या, नाही, काही त्रास नाही. साहेबाने मला सांगितलं, लिहा, आवाजाबाबत हरकत नाही. मी लिहिलं. बहिऱ्यांना आवाज ऐकवून त्यांची संमती घेणारा हा माणूस, त्याला हुशार म्हणतात आणि पगारही तसाच देतात.

तुमचा डबा घेऊन मी खात्यात यायचे ते दिवस आठवतात. दारातून आत पाय टाकला की कानात दुसरं काही शिरत नाही, आणि तुम्ही सहा साचे ओलांडून पलीकडच्या काकांशी निवांत गप्पा मारताय, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. मलाही तुम्हीच शिकवलंत. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तुम्ही ओठांनीच विचारायचात, आज आईचा पारा कसा आहे, आणि मी चुलीजवळून तसंच उत्तर द्यायचे, आईला पत्ताही नसायचा. एकदा मी ओढणी तोंडावर धरून मैत्रिणीशी बोलत होते तर तुम्ही केवढे चिडलात. तोंड झाकून बोलतो त्याच्या पोटात पाप असतं, म्हणालात. खात्यात तोंड झाकून बोलायचा तो फक्त शेठचा माणूस.

तर साच्यांपलीकडचे तेच काका मंगळवारी बैठकीत उठले. त्यांच्या खिडकीपासून मिलची भिंत दहा पावलांवर आहे. म्हणाले, "माले ऐकू नही येस, पन मन्या नाती झोपतीन कश्या?" मी हिंदीत सांगितलं. साहेबाने माइकवर हात ठेवला आणि शेजारच्या इंजिनियरला हळूच म्हणाला, "सब बहरे हैं. समोसा खिलाओ, सही लो, निकालो." त्याला झाकायचा होता आवाज. तोंड मात्र चार रांगांसमोर सताड उघडं. त्या चाळीस म्हाताऱ्यांनी ते वाचलं, आबा. एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आणि काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय बोलना तो?"

त्यांना माहीत होतं. मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. मी म्हणाले, "साहेब म्हणतात, काळजी करू नका." काका खाली बसले. साहेबाने मला अंगठा दाखवून शाबासकी दिली. त्या अंगठ्याची मला इतकी किळस आली, आणि त्याहून जास्त माझी, की घरी येऊन मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात. हातात लेखी हरकतीचा कोरा फॉर्म. बसा म्हटलं तर बसले नाहीत. "तू तठे बठेल व्हती. त्यानं बोलनं लिखी दे, खाले तुनी सही कर. आम्हनं कोन खरं मानस?" चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते तुमची मुलगी म्हणून विश्वासाने आले होते. मी फॉर्म घेतला. लिहिते म्हणाले.

साहेबाला शिव्या घालणं सोपं आहे, आबा, वर तीन परिच्छेद घातल्याच. पण आता खरं सांगते. त्या फॉर्मवर मी एक अक्षरही लिहिलं नाही. रोज तो समोर घेऊन बसले आणि त्याऐवजी हे पत्र लिहीत राहिले, कारण हार घातलेल्या फोटोतून उतरून तुम्ही कुणाला जाऊन सांगणार नाही. हरकतींची मुदत आज पाचला संपली. काका साडेचारपासून फॉर्मची वाट बघत आपल्या ओट्यावर बसलेत, आणि मी आतून कडी लावून घेतली आहे.