मंडळात घेतलेलं नाव

झोंबाजवळ, मलावी
१९ जानेवारी २०२५

ती. सुरेखाताईस,
धाकट्या बहिणीचा प्रभूच्या नावात सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. म्हणजे वहीच्या पानांचे तू पाठवलेले फोटो पोचले. शनिवारी बाजाराला गेले, तिथं मोबाइलला रेंज आली आणि तुझी पानं एकामागून एक पडायला लागली, तीही उलट्या क्रमानं. आधी तुझा राग वाचला, मग राग कशाचा ते कळलं. मी महिनाभर लिहिलं नाही, हे खरं. पण कारण ऐक आणि मग रागव.

मला मलेरिया झाला होता. तेव्हा मुद्दामच कळवलं नाही. तू मुकुंदवाडीहून विमानच धरलं असतंस. आता बरी आहे, नुसता अशक्तपणा आहे. सुदर्शन त्या आठवड्यात दूरच्या गावी चर्चमध्ये प्रवचनाला गेलेले आणि रस्ता पावसानं वाहून गेला म्हणून तिकडंच अडकले. माझ्यापाशी बसली ती शेजारची एस्नत. तिकडं तुमच्या विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या चिकोंडीची आई. ताई, सख्ख्या बहिणीनं करावं तसं तिनं केलं. डोक्यावर ओली फडकी ठेवली, चमच्यानं पेज पाजली, कपडे बदलले. इथं आम्ही सेवा करायला आलो असं तुम्ही सगळे म्हणता, पण या चार वर्षांत सेवा घेतलीच जास्त.

एक गोष्ट फक्त तुला लिहिते. चिकोंडीचे वडील जोहान्सबर्गला ट्रक चालवतात, हे तुला माहीत आहे. ते तुरुंगात आहेत. मालकाच्या ट्रकमध्ये चोरीची तांब्याची तार सापडली, यांना ठाऊक होतं की नव्हतं देव जाणे, पण शिक्षा झाली. एस्नतनं गावात कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला दोन-दोन पाळ्या कराव्या लागतात, सुट्टी मिळत नाही, असं ती सगळ्यांना सांगते. चिकोंडीलाही तेच सांगितलंय. पोरगी परदेशात शिकतीय, तिचं मन उडू नये म्हणून. मला तिनं दवाखान्यातून येताना वाटेत सांगितलं आणि सांगून झाल्यावर म्हणाली की हे इथंच राहू दे. मलाच ते एकटीला पेलवेना, म्हणून तुला लिहिलं. तू आणि देव, एवढ्यातच ठेव.

चिकोंडीला तू दर रविवारी जेवायला बोलावतेस, याबद्दल एस्नत तुला सलाम सांगते. सुदर्शननी परवा पहिल्यांदा चिचेवा भाषेत पूर्ण प्रवचन केलं. मधेच सगळी मंडळी खो खो हसली. कोणत्या शब्दाला हसली, ते अजून कुणी सांगत नाही.

माया आहेच, ती अशीच दूरवर पोचत राहू दे.
तुझी,
निशा

*

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. निशास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मलेरिया झाला आणि मला नंतर कळवतेस? समोर असतीस तर पाठीत धपाटा घातला असता. लिंबू-पाणी घे, उन्हात फिरू नको, आणि सुदर्शनरावांना सांग की आधी बायको, मग प्रवचन. हे त्यांच्या थोरल्या मेहुणीनं सांगितलंय म्हणावं.

इकडं सगळं ठीक. इंद्रजीत पुण्यालाच आहे. माझे गुडघे जिन्यापुरते दुखतात. मागच्या शनिवारी वच्छलाबाईंनी अख्ख्या महिला मंडळाला सोयगावला शेतावर हुरड्याला नेलं. लई मजा आली. चिकोंडीलाही नेलं होतं. तिला हुरडा इतका आवडला की लसणाच्या चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी हात थांबेना. पोरगी गुणाची. आपण होऊन चहाचा ट्रे धरला आणि बायकांना कप देत फिरली.

एस्नतबद्दल वाचून फार वाईट वाटलं. मी कुणाला काही सांगितलेलं नाही, काळजी करू नकोस. फक्त जेवणानंतर मंडळाची प्रार्थना झाली तेव्हा तो विषय ठेवला. इतक्या बायकांनी मिळून मागितलेलं वाया जात नाही. सगळ्यांनी मनापासून प्रार्थना केली, लीलाबाई तर रडल्या. मिशनच्या कामातली अशी खरी हकिकत आमच्या मंडळात दुसऱ्या कुणाकडं येत नाही, असंही त्या म्हणाल्या. सगळं मराठीत चाललं होतं, त्यामुळं चिकोंडीचा प्रश्न नव्हता. ती बिचारी ट्रे घेऊन उभीच होती.

या रविवारी मात्र ती जेवायला आली नाही. परीक्षा असेल. तिच्यासाठी ठेवलेला मटणाचा खलिया शेवटी मीच दोन दिवस खाल्ला.

तब्येत सांभाळ. आठवण ठेवतेस तशीच ठेव, जास्तीची मागत नाही.
तुझी ताई,
सुरेखा

*

झोंबाजवळ, मलावी
२३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सलाम वि. वि.

परीक्षा नव्हती, ताई.

चिकोंडीला मराठी येतं. किती येतं ते मला ठाऊक नाही, पण बाप तुरुंगात आहे हे कळण्याइतकं येतं. तिनं त्याच संध्याकाळी आईला फोन केला आणि एकच विचारलं, बाबा कुठं आहेत. एस्नत नेहमीसारखी दोन पाळ्यांचं सांगायला लागली. तेव्हा पोरीनं तिला सांगितलं की अमायी निशाच्या, म्हणजे निशाबाईंच्या, बहिणीनं सगळ्या बायकांसमोर त्यांच्यासाठी प्रार्थना मागितली.

मला हे पंधरा दिवसांनी कळलं. एस्नत शिवणाच्या वर्गाला येईना, मी घरी गेले तर कामात असल्याचा निरोप पाठवायची. एकदा विहिरीच्या वाटेवर गाठलंच. ती थांबली, डोक्यावरची बादली खाली न ठेवताच तिनं हे पोरीच्या फोनचं सांगितलं. मग म्हणाली की मी तुला सांगितलं तेव्हा तू माझा हात धरला होतास, म्हणून मला वाटलं तू ऐकलंस. एवढंच बोलली आणि गेली.

मी आधी तुझ्यावर चिडून एक पत्र लिहिलं होतं. ते पाठवलं नाही. तुला बोलायला मला तोंड आहे कुठं? इथंच राहू दे असं तिनं मला सांगितलं होतं, तुला नाही. मी ते एक आठवडाही ठेवू शकले नाही. आणि खरं सांगू? लिहिताना मला जरा बरंही वाटलं होतं, की या बाईनं गावात कुणाला न सांगता मला सांगितलं. ते तुला दाखवावं असं वाटलं. लीलाबाईंनी तुला जे म्हटलं, तेच मला हवं होतं बहुतेक.

सुदर्शनना सांगितलं. ते रविवारी प्रवचन अर्ध्यात आवरून खाली उतरले. इथल्या लोकांना वाटलं की त्यांना बरं नाही.

चिकोंडीला भेट. काय बोलायचं ते मला सुचत नाही, पण भेट.
निशा

*

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१२ मार्च २०२५

चि. निशास,
आशीर्वाद. द्यायचा हक्क उरला असेल तर.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तुझाच राग आला. तूच लिहिलंस, असं मनात म्हणून घेतलं. मग वाटलं, मी नाव कुठं घेतलं होतं? पण घेतलं होतं, निशा. आपल्या चिकोंडीचे वडील, असंच म्हणाले मी. हे आठवल्यावर हातातलं निवडणं तसंच टाकून बसून राहिले.

विद्यापीठाच्या मागं तिची खोली आहे, तिथं गेले. सोबत डबा नेला होता. जिन्यात त्या डब्याचीच लाज वाटली. दार उघडलं तिच्या खोलीतल्या राजनंदिनीनं, अजिंठ्याची पोर आहे. मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा बदलला. मी इंग्रजीत विचारलं की चिकोंडी आहे का. त्या पोरीनं मला मराठीतच ऐकवलं की काकू, तिला मराठी लई भारी येतं, भाजीवाल्याशी आमच्या वतीनं तीच भांडते. दोन वर्षं ही मुलगी माझ्या घरी जेवली आणि मी तिच्याशी मोडक्या इंग्रजीत, मोठ्या आवाजात बोलत राहिले, जणू ती बहिरी आहे. तिला काय येतं, काय नाही, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. मी, आयुष्यभर शाळेत शिकवलेली बाई.

चिकोंडी आली आणि मराठीत बोलली. रागावली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली की प्रार्थना सुरू झाली तेव्हा कप वाजू नयेत म्हणून ती ट्रे घट्ट धरून उभी राहिली. मग वडिलांचं ऐकलं. आमेन झाल्यावर सगळ्या बायकांनी डोळे उघडले आणि एकदम तिच्याकडं बघून हसल्या, वच्छलाबाईंनी गालावरून हात फिरवला. म्हणून तीही हसली. तिला वाटलं की आपण रडलो तर यांना कळेल की आपल्याला समजतं, मग यांना कसंतरी होईल, आणि आपण तर पाहुणे आहोत.

मी म्हणाले की येत्या सभेत सगळ्यांसमोर उभी राहून चूक कबूल करते. ती घाईनं नको म्हणाली. तुम्ही माफी मागाल तर पुन्हा तीच गोष्ट सांगावी लागेल, मावशी, आणि त्या पुन्हा माझ्याकडं बघतील. तुम्हांला हलकं वाटेल, मला नाही. खरंच की. तिथं उभं राहायचं, रडायचं, बायकांनी पाठ थोपटायची, एवढं सगळं मी वाटेत ठरवून गेले होते. तेही आता नाही. हे माझ्यापाशीच राहणार.

निघताना तिनं एक विचारलं, अगदी साधेपणानं. मंडळात इतक्या घरांची नावं निघतात, इंद्रजीतदादाचं कधी निघालं नाही, ते का? माझा पोटचा पोर इंद्रजीत माझ्याशी भांडून गेला आणि घरी येत नाही, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. त्याला सुट्टी मिळत नाही, असंच मी मंडळात सांगत आले. एस्नत सांगते तसंच. अगदी शब्दसुद्धा तेच. पण तिचं मी सगळ्यांच्या हवाली केलं आणि माझं पदराखाली ठेवलं.

मंडळाचं चिटणीसपद सोडलंय. कारण विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

रागावली असलीस तरी लिहीत जा.
सुरेखा

*

झोंबाजवळ, मलावी
२७ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सलाम वि. वि.

रागावलेली नाही. आपण दोघी एकाच बाकावर बसलोय.

इथं मक्याची काढणी चाललीय. दोन आठवड्यांपूर्वी एस्नतच्या अंगणात गेले. ती कणसं सोलत बसली होती. मीही शेजारी बसले आणि सोलायला लागले. टोपली भरल्यावर मी माफी मागितली. तू चिकोंडीकडं जाऊन चूक कबूल केलीस हे सांगितलं, आपण प्रार्थनेसाठीच बोललो होतो, हेही सांगायला लागले. तिथं तिनं मला थांबवलं. म्हणाली की तापात तू तुझ्या भाषेत खूप बोललीस, रडलीस, कुणाकुणाची नावं घेतलीस. मला त्यातलं काही कळलं नाही. पण कळलं असतं तरी मी ते त्या खोलीतच ठेवलं असतं.

ताई, मी इथं प्रेमाबद्दल, विश्वासाबद्दल किती वर्ग घेतले असतील. ती मागच्या बाकावर बसून ऐकायची.

तिनं मला अंगणातून उठवलं नाही, पण परत ये असंही म्हणाली नाही. प्रार्थनेला देवळात येईन, कारण ते तुझं नाही, असं मात्र म्हणाली. आता रस्त्यात सलाम घेते, मक्याचं पीठही पाठवलं. तब्येत विचारली तर बरी आहे म्हणते आणि पुढं जाते. गावात कुणी तिच्या नवऱ्याचं विचारलं आणि मी जवळ असले, तर मी खाली बघते.

भारतातल्या मंडळ्यांना आम्ही दर महिन्याला प्रार्थनेचं पत्रक पाठवतो ना, ते जुने सगळे अंक काढून वाचले. अमकीचा नवरा पितो, तमकीचं मूल गेलं, फोटोसकट. एकीलाही विचारलेलं नव्हतं. सुदर्शनना म्हणाले की यापुढं मी हे लिहिणार नाही. ते म्हणाले, मग पत्रकात काय लिहायचं? शेवटी त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं, की चार वर्षं झाली तरी मला भाषा नीट येत नाही आणि लोक मला सांभाळून घेतात. आमच्या कार्यालयातून फोन आला की या महिन्याचं पत्रक जरा फिकं झालंय.

इंद्रजीतला तूच आधी फोन कर. हे धाकटीचं सांगणं मोठेपणानं ऐक.
निशा

*

छत्रपती संभाजीनगर
८ जून २०२५

ती. निशामावशी,
सलाम वि. वि.

पत्राची सुरुवात अशी करायची, हे सुरेखामावशीनं शिकवलं. बाकीचं माझं आहे. चुका राजनंदिनीनं तपासल्या, पण ती पण लिहिताना चुका करते, म्हणून माफ करा.

माझं वर्ष चांगलं गेलं. बाबांशी फोनवर बोलले. तिथं त्यांना ठरलेल्या दिवशी बोलायला मिळतं. त्यांनी विचारलं की तिकडं जेवायला काय मिळतं. मी हुरड्याचं सांगायला लागले आणि मधेच थांबले, कारण त्या दिवसाची आठवण आली. पण बाबांना ते माहीत नाही. म्हणून मी पुढं सांगितलं. चटणीचं ऐकून ते हसले.

सुरेखामावशीकडं मी दोन महिने गेले नाही. आता कधी कधी जाते. ती माझ्याशी मराठीत बोलते आणि हळू बोलते. मागच्या रविवारी लीलाबाईंचा फोन आला, चिकोंडीच्या वडिलांचं काय झालं म्हणून. स्पीकर चालू होता. मावशीचं तोंड लाल झालं. ती म्हणाली की चिकोंडी इथंच बसलीय, तिला मराठी येतं, तिलाच विचारा. आणि फोन माझ्या हातात दिला. लीलाबाईंनी मला विचारलं की तिकडं मुकुंदवाडीत पाऊस सुरू झाला का. मी म्हणाले, व्हय, थोडा झाला. फोन ठेवल्यावर मावशी आत गेली. तिला रडू आलं असेल, पण मी आत गेले नाही.

इंद्रजीतदादा आला होता. दोन दिवस राहिला. ते मी का सांगते तर मावशीनं स्वतः तुम्हांला सांग म्हणून सांगितलं. मी विचारून लिहिलंय.

तुम्ही मावशीला लिहिलं की माझी आई तुमच्याशी बोलते, पण बरी आहे एवढंच म्हणते. मावशीनं मला तसं काही विचारलं नाही, तरी मला माहीत आहे तुम्हांला काय विचारायचं आहे. आई खरं कशी आहे, ते ती मला सांगते. दर शनिवारी सांगते. पण मी ते तुम्हांला सांगणार नाही. रागानं नाही. ते तिचं आहे.

तुम्ही तिच्याकडं जात राहा.

आपली,
चिकोंडी