साडेबासष्ट इंचांवरचे नाक

एल्म क्रॉसिंग, साउथ डकोटा
१४ मे

श्रीयुत हॅरॉल्ड मून, अर्थात लायल ब्रेकी, यांस,

वेंडेल ऑस्टरगार्डचे यथोचित अभिवादन. माझे क्षेम आहे. तुझेही असावे, असे लिहिण्याची रूढी असल्यामुळे लिहीत आहे.

खोट्या नावाने माझ्याकडून विंडशील्ड मागवण्याची तुझी क्लृप्ती स्तुत्य होती. परंतु माझ्या मागणीपत्रात एक रकाना आहे: आपल्या मोटरसायकलवर, बूट घालून, सैल पाठीने बसावे आणि दुसऱ्याकडून जमिनीपासून नासिकाग्रापर्यंत माप घ्यावे. तू साडेबासष्ट इंच कळवलेस. या वातपीडित प्रांतात इतक्या उच्चपदस्थ नाकाचा धनी एकच आहे, आणि अकरा वर्षे मी त्याच्या शेजारून मोटरसायकल हाकली आहे.

खाली तुझी आज्ञा होती: सर्वांत उंच काच पाठवावी, सव्वीस इंची. यच्चयावत दीर्घदेही पुरुषांचा हा प्रमाद. काच देहाला शोभावी म्हणून घ्यायची नसते. तिची वरची कड नाकाच्या शेंड्याशी यावी. वारा डोक्यावरून जावा, दृष्टी कडेवरून. सव्वीस इंची काचेची कड तुझ्या भुवयांपाशी येते. म्हणजे रस्ता काचेतूनच पाहायचा, आणि पाऊस लागला की पाहायचाच नाही.

मी सव्वीस इंची कापली. कडा घासून गुळगुळीतही केल्या. सूड आणि आज्ञापालन यांचा असा संगम दुर्लभ. दुकानात पार्सले बांधणाऱ्या एथेलबाईंना गिऱ्हाईक कोण ते सांगितले, तेव्हा त्यांनी दोरीला एक जास्तीची गाठ मारली.

"त्यानं मागितलं तेच देतोयस ना? मग तुझ्या माथी पाप कसलं? पुढचं पाऊस बघून घेईल."

पत्ता चिकटवताना मागणीपत्र पुन्हा पाहिले. नाव तुझ्या अक्षरात होते; माप नव्हते. हंसासारखी मान वळवलेला तो दोनाचा आकडा मी एकोणीस वर्षे आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाहिला आहे. माप डोरीनने घेतले होते.

म्हणजे ती मागे बसते. मागच्या स्वाराचा रकाना तू रिकामा ठेवला होतास. वाऱ्याने तिची मान धरते. तुला ठाऊक असेलच. नसल्यास आता झाले.

तीन वर्षांपूर्वी माझे घर सोडून तुझ्याकडे जाताना ती दारात म्हणाली होती, "वेंडेल, तू फार बोलतोस रे. लायल बघ, किती शांत असतो." माझ्या आयुष्यात मला उत्तर सुचले नाही असा तो एकमेव प्रसंग. आज सुचले आहे.

सव्वीस इंची दुकानातच ठेवली; सोबत तुझ्या नाकाशी बरोबर येणारी बावीस इंची काच आहे. तिच्या आड अशी निवात शांतता असते की मागचा स्वार घरच्या आवाजात बोलला, तरी पुढच्याला शब्दन्‌शब्द ऐकू येतो.

मित्रा, तुझ्या गांभीर्याचे रहस्य मी जाणतो. अकरा वर्षे मी तुला नाना प्रश्न विचारले. कॉफीच्या टेबलावर तू "हं" म्हणालास, आणि रस्त्यावर, "वारा होता, ऐकू आलं नाही." एवढीच तुझी समग्र वाङ्मयसंपदा. तो वारा मी काढून घेतला आहे. आता ती मागून काहीतरी विचारील. पुढे साडेतीनशे मैल सपाट रस्ता असेल, आणि ती उत्तराची वाट पाहत असेल.

स्क्रू घट्ट आवळ. काच जन्मभर टिकेल, ही माझी हमी.

तुझा एके काळचा मित्र, आणि तिचा एके काळचा बडबड्या,
वेंडेल