सुमेधाचा उजवा हात

ब्राउनश्वाइग, २५ फेब्रुवारी

तीर्थरूप आईच्या पायांशी नमस्कार.

काल मित्राच्या बोटीतून सुमेधाला कालव्यावर फिरवून आणलं. काठाला अजून बर्फ आहे, पण आम्ही गरम कपडे घातले होते.

बोट वरच्या कालव्यात न्यायला दोन दारांमध्ये थांबवून खालून पाणी भरतात. तोवर भिंतीचा दोर धरून ठेवायचा असतो. पाणी चढताना मी सवयीने हात जोडले आणि दोर सुटला. सुमेधाने खांद्याचं ऑपरेशन झालेला उजवा हात उंच करून तो पकडला.

“अहो, आधी दोर धरा, मग देव!”

तिचा हात डोक्याच्या वर गेला, आई. दुखला, पण गेला. वेणी अजून मीच घालतो. तरी तिच्या हातासाठी सोडलेला गूळ तू आता खा. तुझा गुडघा कसा आहे?

सुमेधाचा नमस्कार, दोन्ही हातांनी.

तुझा गुरुदत्त