थंडीचे तेल, उन्हाळ्याचे तेल

मी, या लिंबाच्या बागेची मालकीण, जिला बागेत सगळे ताई म्हणतात, आज खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. माझी शुद्ध डॉक्टरांनी तपासली. आज वार कोणता, असे त्यांनी विचारले. मी वार सांगितला आणि त्यांच्या शर्टाचे एक बटण भलत्याच काजात गेले आहे, हेही सांगितले. याहून मोठा दाखला माझ्याकडे नाही. लिहून घेणाऱ्या वकीलबाई आहेत. विषय सोडू नका, असे त्यांनी मला बजावले आहे. पण दुपारच्या औषधाने मला गुंगी येते, लिंबाच्या ओळी खिडकीतून हळूहळू आत येऊ लागतात, आणि विषय आपोआप सुटतो. त्याला माझा इलाज नाही.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात तोंडी मात्र पुष्कळ बोलले आहे. ते सर्व रद्द समजावे.

कलम २. राहते घर, विहीर आणि बाग मी माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला देते. तिच्या बापाचे आणि माझे बोलणे बंद असतानाही ती येत राहिली. "बाबांना सांगून आलीस का गं?" असे मी दर वेळी विचारते. "त्यांनी विचारलं तर सांगीन," असे ती दर वेळी म्हणते. तो विचारत नाही, ती सांगत नाही, आणि तिच्या हातून घरी जाणारी लिंबे तो मुकाट्याने पिळतो, असे आमचे चालले आहे. अट एकच: तिसऱ्या ओळीतले वाकडे झाड तोडू नये. ते फळ देत नाही, हे मलाही दिसते. पण काम झाल्यावर ट्रॅक्टर त्याच्याच सावलीत उभा राहतो आणि त्या वेळी इंजिन निवताना टिक टिक वाजत असते. त्या आवाजाने मला आजवर कितीतरी वेळा झोप लागली आहे.

कलम ३. बँकेतली शिल्लक माझ्या आजारपणाचा खर्च भागवून बागेसाठीच वापरावी. यावर मला आणखी बोलायचे नाही.

कलम ४. बाजारातला तेलाचा दुकानदार, ज्याला आम्ही चालेलशेठ म्हणतो, त्याला मी एक रिकामा डबा ठेवते. त्याने मला एकदा मोटारीच्या पेट्रोल इंजिनाचे तेल ट्रॅक्टरसाठी दिले होते. "चालेल हो ताई, तेल ते तेल!" "मग उद्यापासून केसांनाही हेच लावत जा," असे मी त्याला भर दुकानात म्हटले. तो राग त्याने अजून धरला आहे आणि मीही. डबा घासूनपुसून द्यावा.

कलम ५. छोटा डिझेल ट्रॅक्टर, त्याचे नट-बोल्ट खोलायचे पाने आणि वडिलांचे पोचा पडलेले नरसाळे भाचीला मिळावे. ट्रॅक्टर विकू नये. लिंबाच्या दोन ओळींमधून जाईल एवढाच तो रुंद आहे. त्याच्याकडून मोठ्या ट्रॅक्टरची कामे घेऊ नयेत. तेलाबाबत तिने असे वागावे: डब्यावर डिझेल इंजिनासाठी असे लिहिलेले असल्याशिवाय डबा घरी आणू नये. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन बंद करावे, चहा टाकावा, आणि चहा पिऊन झाल्यावर इंजिनातली तेल मोजायची दांडी ओढावी. ती पुसून परत आत घालावी आणि मग पुन्हा ओढून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. वरच्या खुणेच्याही वर भरणे म्हणजे माया नव्हे. नवे तेल लवकर काळे पडले म्हणून घाबरू नये. चांगले तेल इंजिनातली काजळी आपल्या अंगावर घेते, म्हणून काळे होते. तेल बदलताना इंजिन कोमट असावे, तेल गाळायची जाळीही बदलावी, आणि जुने तेल विहिरीच्या आसपास ओतू नये.

कोणत्या नंबराचे तेल घालायचे, ते पुढच्या कलमात येईल. ते कलम लांब आहे.

कलम ६. माझ्या धाकट्या भावाला मी काहीही देत नाही.

हे ऐकून वकीलबाईंनी लिहायचे थांबून माझ्याकडे पाहिले. लिहा म्हटले, कारण सांगते.

वडील गेले त्यानंतरच्या पहिल्या थंडीत आम्ही दोघे शेडमध्ये तेल बदलायला उभे होतो. भाऊ म्हणाला, "बाबा चाळीस नंबरचं जाड तेल घालायचे. डबा मी धरायचो."

मी म्हटले, "काहीतरीच. बाबा पातळ घालायचे. नरसाळं माझ्या हातात असायचं."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मग काय मी?"

त्याने हात पुसले, फडक्याची नीट घडी घालून ती सीटवर ठेवली आणि तो निघून गेला. ती घडी मी बरेच दिवस मोडली नाही. तेलावरून कधी भाऊबहीण भांडतात का, असे लोक म्हणत. भांडण तेलाचे नव्हतेच. वडील कोणाला जास्त ठाऊक, हे ते भांडण होते, आणि त्यात माघार कोण घेणार?

परवा दुपारी माझा डोळा लागला. शेडमध्ये वडील तेल घालत होते आणि धार मधासारखी पडत होती, तुटतच नव्हती. शेड भरले, मग अंगण भरले, मग लिंबाच्या ओळींतून ते पिवळे ऊन पार विहिरीपर्यंत वाहत गेले आणि कोणालाच त्याचे काही वाटत नव्हते. नरसाळे मी धरले होते. समोर डबा धरून भाऊ उभा होता, हाफपँटीत, नाक ओढत. आम्ही दोघेही हसत होतो. जाग आली तेव्हा उशी ओली होती आणि मनात एकच गोष्ट टोचत होती: असे कधी झालेच नव्हते. शेडमध्ये वडिलांजवळ आम्ही दोघे एकदम कधीच नव्हतो.

उन्हाळा लागला की माझ्या नाकाचा घोळणा फुटायचा, म्हणून मला थंडाव्यासाठी डोंगरावर मावशीकडे पाठवत. भाऊ वर्षभर वसतिगृहात असे आणि नेमका उन्हाळ्याच्या सुटीत घरी येई. मी खाली उतरायची तेव्हा तो परत गेलेला असायचा. तेल बदलायचे ते ऋतू बदलताना. मी भाचीला शेडमध्ये पाठवले आणि तेलाच्या डब्यांची जुनी फळी पाहून ये म्हटले.

ती धावत परत आली. "आत्या, फळीवर दोन गोल डाग आहेत. एक मोठ्या डब्याचा, एक लहान डब्याचा."

"लांब लांब?"

"नाही गं, अगदी चिकटून."

वडील थंडीत पातळ घालत आणि उन्हाळ्यात जाड. दोन्ही घालत. आम्हा भावंडांच्या वाट्याला अर्धे अर्धे वडील आले होते, आणि प्रत्येकाला वाटले की आपल्याकडेच पुरे आहेत. मला फार रडू आले. मी चुकले असे या कलमात कुठेही लिहिलेले नाही, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

म्हणून भाचीने असे करावे: एरवी पंधरा-चाळीसचे तेल घालावे. ते थंडीत पातळ राहते आणि इंजिन तापल्यावरही पुरेसे जाड राहते. पण इंजिन म्हातारे आहे. कडक उन्हाळ्यात ते तेल पिऊ लागले, तर चाळीस नंबरचे घालावे. फळीवर दोन्ही डबे ठेवावेत, आपापल्या डागावर.

आता भावाबद्दल. भेटायला ये, असा निरोप धाडला तर ताईला आता गरज पडली का, असे त्याला वाटेल. वाटणी घ्यायला ये म्हटले तर तो उंबऱ्याला पायसुद्धा लावणार नाही. माझाच भाऊ तो. पण साक्षीला बोलावले तर तो नाही म्हणणार नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून मी त्याला काही ठेवलेले नाही. कायद्यात आणखी एक फार चांगली गोष्ट आहे. मी सही करताना साक्षीदाराने मला डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते. मला तेवढेच हवे आहे.

माझी ही थंडी निघेल का, असे मी डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते बटण नीट लावू लागले. तेव्हा घाई आहे. भाऊ आला नाही तर दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी राहील. "ताई, एका साक्षीवर हा कागद फुकट जाईल आणि दुसरा वारस नाही म्हणून बाग आपोआप तुमच्या भावालाच जाईल," असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणजे न आल्याची शिक्षा म्हणून त्याला सगळे मिळेल. असू दे. त्याला पुरेशी शिक्षा होईल ती.

एवढेच माझे होते, ते मी दिले. वाचून दाखवलेले ऐकले, दोनदा डुलकी लागली, तो भाग पुन्हा वाचून घेतला. बरोबर आहे.

स्थळ: लिंबाच्या बागेतले घर, खिडकीजवळची खाट.
दिनांक: थंडीच्या पहिल्या आठवड्यातला गुरुवार.

सही: ताई

साक्षीदार १: डॉक्टर. लिहून देणारी पूर्ण शुद्धीत आहे. बटणाची गोष्ट खरी आहे.

साक्षीदार २: लिहून देणारीचा धाकटा भाऊ. ताईने माझ्यादेखत सही केली. कागद उशीवरून घसरत होता म्हणून तो मी धरला. मुलीने सांगितले म्हणून येताना शेडमध्ये जाऊन फळी पाहिली. मी चुकलो असे मीही लिहीत नाही. उद्या सकाळी ट्रॅक्टर खिडकीखाली आणून तेल बदलतो आहे. थंडी आहे, पंधरा-चाळीसच आणतो. डबा मी धरीन. खिडकीतून हात पोचेल इतका जवळ लावतो. नरसाळे ताईने धरायचे आहे.