रिव्हर्सचे आठ तास मंजूर

तीर्थरूप वन्संना धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कारण सध्या खाली वाकलं की वर येता येत नाही). तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तुम्ही दोन पानं नुसती गुडघ्यांवर लिहिली होती, म्हणून आधी त्यांनाच विचारते. बाकीच्या घरादाराची खुशाली मागाहून कळवली तरी चालेल.

तर वन्सं, बातमी अशी की मी बसची ड्रायव्हर झाले. (पुन्हा वाचू नका, बरोबरच वाचलंत.) गेली नऊ वर्षं मी डेपोत बसगाड्या धुते हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाच महिन्यांपूर्वी ड्रायव्हर कमी पडायला लागले, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी आम्हा धुणाऱ्या बायकांना बोलावून विचारलं, कोणाला शिकायचंय? सगळ्या छताकडे बघायला लागल्या. मी हळूच सटकत होते, तर मलाच म्हणाले, "बाई, तुमचे पाय क्लचपर्यंत पोचतात का?" त्यावर मी माझं बेचाळीस वय, चष्म्याचा नंबर, सातवीतलं गणित आणि घाबरले की मला डावं-उजवं कळत नाही ही गोष्ट, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मी पायांचं विचारलं होतं." आता पाय पोचत होते, त्याला मी काय करणार?

पहिल्या दिवशी मी क्लच असा सोडला की बस बेडकासारखी उडाली आणि शिकवणाऱ्या मास्तरांच्या हातातला चहा मास्तरांच्याच अंगावर गेला. दुसऱ्या आठवड्यात डावीकडे वळताना सिग्नल म्हणून मी लख्ख उन्हात वायपर चालू केले. (समोरून येणारा बिचारा आकाशाकडे बघत गेला.) तिसऱ्या आठवड्यात रिव्हर्स घेताना पाण्याचं पिंप चपटं केलं. त्या दिवशी मागच्या सीटवर बसून मनसोक्त रडले. ही नसती उठाठेव सांगितली होती कोणी? मी बरी, माझी बादली बरी.

लगेच अर्ज लिहिला, 'मला बस चालवणं जमणार नाही, तरी मला यातून मोकळं करावं.' साहेबांनी तो वाचला, लाल पेनाने दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि म्हणाले, "कारण मोघम आहे. काय जमत नाही ते नेमकं लिहून आणा." वन्सं, माझं डोकंच फिरलं! तरातरा जाऊन लिहायला बसले, म्हटलं आता चांगली पानभर यादीच देते. गाडी सुरू करणं? ते जमतं की. थांबवणं? जमतं, हल्ली मास्तर चहा पूर्ण पितात. वळणं, चढ, गर्दीचा चौक? तेही जमतंय मेलं. रागारागाने एकेक खोडत गेले आणि शेवटी कागदावर एकच ओळ उरली, 'मला रिव्हर्स जमत नाही.' तशीच नेऊन दिली. साहेबांनी खाली शेरा मारला, 'रिव्हर्सचे आठ तास मंजूर.' म्हणजे सोडायला गेले आणि जास्तीची शिकवणी घेऊन आले! (मागे वळून वळून कंबर धरली ती त्याच आठ तासांत.)

परीक्षेला आलेल्या अधिकाऱ्यांच्या कपाळावर कायमची आठी. दोन उभ्या बसच्या मधल्या जागेत गाडी मागे घालायची होती. माझ्याआधीच्या दोन धिप्पाड गड्यांनी बाजूच्या बसचे आरसे वाकवले. घड्याळाच्या हातावरून डावं कुठलं ते मी दोनदा ताडून घेतलं, खोटं कशाला बोलू? पण आरशात गाडीचा मागचा कोपरा दिसला आणि वाटलं, अगं, याला तर तू ओळखतेस! या पत्र्यावरून रोज हात फिरवतेस, गाडी कुठे संपते ते डोळे मिटूनही सांगशील. (मिटले नाहीत.) मास्तरांनी श्वास रोखला, मी सोडला, आणि गाडी गोठ्यात शिरणाऱ्या म्हशीसारखी सावकाश, रुबाबात आत गेली. दोन्ही बाजूंना एकेक वीत जागा. अधिकारी उतरले, खरोखरच वीत लावून मोजली आणि म्हणाले, "परत एकदा."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काही चुकलं का साहेब?"

"छे! परत बघायचंय."

परत घातली. शेडमधल्या बायकांनी बादल्या अशा बडवल्या की दोन ऑफिसांतली माणसं बाहेर आली. सोळा जणांत माझा नंबर दुसरा. (पहिला आला तो अठरा वर्षं ट्रक चालवत होता, त्याला धरू नये असं बायकांचं मत आहे.) सोमवारपासून मला स्वतंत्र गाडी मिळते आहे.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, आणि लहानांना सांगा, रस्ता बघून ओलांडा.

तुमची, पुढच्या सीटवरची
भावजय

ता. क. माझी पहिली फेरी सोमवारी सव्वानऊला तुमच्या दारावरून जाते. काहीतरी निमित्त काढून तुमच्या भावाला आदल्या दिवशीच तिकडे बोलावून घ्या आणि त्यांना घेऊन स्टॉपवर या. त्यांना यातलं काहीही माहीत नाही. बल्ब बदलतानासुद्धा हेल्मेट घालणाऱ्या नवऱ्याला हे समोरासमोर सांगायची माझी काही छाती झाली नाही. पाच महिने 'बसचं काम वाढलंय' एवढंच सांगत आले.

ता. ता. क. तिकिटं शेवटच्या स्टॉपची काढा. मधेच उतरतो म्हणाले तरी काळजी करू नका, दाराचं बटण माझ्याकडे असतं.